छोट्या धातूच्या मोटारींचे घरगुती रूपांतर : एक सौंदर्यविषयक चिकित्सा

प्रस्तावना

चित्र, शिल्प आणि वास्तू या कलाप्रकारांच्या चिकित्सेसाठी समीक्षेजवळ परिभाषा आहे, परंपरा आहे आणि वादांचा इतिहासही आहे. विकत आणलेल्या वस्तूवर घरच्या टेबलापाशी फावल्या वेळात केलेल्या हस्तकामाकडे मात्र 'छंद' या एका शब्दाने पाहिले जाते. छंद म्हटले की कौतुक करता येते, परीक्षण करता येत नाही. चांगले आणि सामान्य, विचारपूर्वक केलेले आणि नुसते सजवलेले यांत भेद करण्याची गरजच मग उरत नाही. हा दृष्टिकोन उदार वाटला तरी त्यात एक उपेक्षा दडलेली आहे. ज्या कामाचे दोष कोणी दाखवत नाही, त्या कामाला कोणी गंभीरपणे घेतलेलेही नसते.

प्रस्तुत लेखात अशाच एका उपेक्षित हस्तकामाचा विचार केला आहे. जस्ताच्या मिश्रधातूचा रस दाबाने साच्यात भरून घडवलेल्या, साधारण सात सेंटिमीटर लांबीच्या खेळण्यातल्या मोटारी, म्हणजे ज्यांना सर्वत्र 'डाय-कास्ट' गाड्या म्हटले जाते त्या, विकत घेऊन घरी उघडणे, त्यांचा रंग उतरवणे, चाके बदलणे, प्रसंगी पत्र्यासारखा भाग कापून आकारच बदलणे आणि पुन्हा जोडणे, असे या कामाचे स्वरूप आहे. जगभर त्याला 'कस्टमायझिंग' म्हणतात. या कामाला कलेचा दर्जा द्यावा की नाही, हा प्रश्न येथे गौण आहे. त्याचे मूल्यमापन कोणत्या निकषांवर करता येईल आणि ते करताना कोणती किंमत हिशेबात धरावी लागेल, हा खरा प्रश्न आहे.

'कस्टम' या शब्दाचा प्रवास

या खेळण्यांच्या इतिहासात दोन टप्पे महत्त्वाचे आहेत. पहिला टप्पा इंग्लंडमधील. लंडनच्या लेस्नी कंपनीने १९५३ मध्ये 'मॅचबॉक्स' ही मालिका सुरू केली. कंपनीतील अभियंता जॅक ओडेल याच्या मुलीच्या शाळेत काड्यापेटीत मावेल एवढेच खेळणे नेण्याची मुभा होती, म्हणून त्याने तिच्यासाठी एक छोटा पितळी रोडरोलर घडवला, अशी या मालिकेची जन्मकथा सांगितली जाते. या गाड्यांची वृत्ती नोंद ठेवणाऱ्याची होती. रस्त्यावर जे वाहन दिसते ते लहान करून हातात द्यायचे, एवढेच त्यांचे म्हणणे होते. दुधाची गाडी, बस, ट्रॅक्टर, रुग्णवाहिका असे दैनंदिन जग त्यांत होते.

दुसरा टप्पा अमेरिकेतील. मॅटेल कंपनीने १९६८ मध्ये 'हॉट व्हील्स' बाजारात आणल्या. पहिल्या वर्षाच्या सोळा गाड्यांपैकी दहांच्या नावातच 'कस्टम' हा शब्द होता : कस्टम कॅमॅरो, कस्टम मस्टँग, कस्टम फोक्सवॅगन इत्यादी. या गाड्यांचा पहिला आरेखक हॅरी ब्रॅडली हा जनरल मोटर्समधून आलेला होता. त्याने आरेखलेली 'डिओरा' ही खरी गाडी डेट्रॉइटच्या अलेक्झांडर बंधूंनी डॉज कंपनीच्या छोट्या मालवाहू गाडीपासून घडवली होती आणि १९६७ मध्ये तिला रिडलर पुरस्कार मिळाला होता. तीच डिओरा पुढच्या वर्षी खेळण्याच्या रूपात आली. एड रॉथची 'बीटनिक बँडिट' आणि बिल कुशेनबेरीची 'सिल्हूट' या खऱ्या एकमेव गाड्याही त्याच सोळांत होत्या.

येथे एक महत्त्वाची गोष्ट घडली. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत, विशेषतः दक्षिण कॅलिफोर्नियात, तरुण मुले कारखान्यातून आलेल्या गाड्या कापून, खाली बसवून, रंगवून स्वतःच्या करीत. टॉम वुल्फ याने १९६३ मध्ये 'एस्क्वायर' मासिकातील लेखात या कारागिरांकडे शिल्पकाराकडे पाहावे तशा गांभीर्याने पाहिले होते. 'कस्टम' या शब्दाचा त्या जगातील अर्थ 'कारखान्याच्या विरुद्ध जाऊन एकाने एकासाठी घडवलेले' असा होता. १९६८ मध्ये तोच शब्द कारखान्याने लाखांच्या संख्येत छापला. बंडाची खूण वेष्टनावर आली. खेळण्यातली 'कस्टम' गाडी ही मुळातच कोणाच्या तरी हस्तकामाची आवृत्ती होती. घरी बसून अशी गाडी पुन्हा उघडणारा हौशी कारागीर तो शब्द कारखान्याच्या ताब्यातून काढून त्याच्या मूळ अर्थाकडे नेत असतो. त्याला हा इतिहास ठाऊक असो वा नसो, त्याच्या कृतीचा अर्थ या इतिहासाने ठरतो.

साचा आणि एकमेवपण

वॉल्टर बेंजामिन याच्या १९३६ मध्ये प्रथम प्रसिद्ध झालेल्या निबंधाने यांत्रिक पुनरुत्पादन आणि कलाकृतीचे एकमेवपण यांच्या संबंधाचा प्रश्न उभा केला. आवृत्ती निघू लागली की कलाकृतीभोवतीचे वलय ओसरते, हे त्याचे प्रतिपादन सर्वपरिचित आहे. डाय-कास्ट गाडी या दृष्टीने टोकाची वस्तू आहे, कारण तिला 'मूळ प्रत' नाहीच. साच्यातून निघालेली पहिली गाडी आणि हजारावी गाडी यांत तत्त्वतः भेद नसतो. घरगुती रूपांतरात बेंजामिनने वर्णिलेली दिशा उलटते. आवृत्तीपासून आरंभ करून एकमेव वस्तूकडे जाता येते. मात्र या एकमेवपणाचे स्वरूप जुन्या कलाकृतीच्या एकमेवपणाहून वेगळे आहे. त्याच्या पाठीशी साच्यातली असंख्य भावंडे उभी असतात आणि पाहणाऱ्याच्या मनात ती हजर असल्याशिवाय रूपांतराचा आनंदच घेता येत नाही.

रोलाँ बार्त याने १९५७ च्या 'मिथॉलॉजीज' या ग्रंथातील खेळण्यांवरच्या टिपणात अधिक कठोर आक्षेप घेतला आहे. प्रौढांच्या जगाची हुबेहूब छोटी प्रत मुलाच्या हाती दिली की ते मूल निर्माता न राहता केवळ वापरणारा आणि मालक होते, असे त्याचे म्हणणे आहे. साध्या लाकडी ठोकळ्यांतून मूल काहीतरी घडवते; हुबेहूब खेळण्यातून ते फक्त जगाचा ठरलेला वापर शिकते. बार्तला लाकूड प्रिय होते आणि धातूत त्याला रासायनिक थंडपणा जाणवत होता.

बार्तचा आक्षेप खोडून काढण्याचे कारण नाही. परंतु त्याने खेळणे पूर्ण झालेली वस्तू मानले आहे, हे लक्षात घेतले पाहिजे. रूपांतरकार त्याच वस्तूला कच्चा माल मानतो. क्लोद लेव्ही-स्ट्रॉस याने १९६२ मध्ये मांडलेली 'ब्रिकोलाज'ची कल्पना येथे उपयोगी पडते : हाताशी असलेल्या, आधीच कोणत्या तरी कामासाठी घडलेल्या वस्तूंतून नवे काही उभे करणे. अशा निर्मात्याला कोरा कागद कधीच मिळत नाही. प्रत्येक तुकडा आपला जुना अर्थ सोबत घेऊन येतो. अमेरिकेतील एएमटी कंपनीने १९५८ पासून 'एकात तीन' प्रकारचे प्लॅस्टिकचे जोडसंच विकले. त्यांत एकच गाडी मूळ, कस्टम किंवा शर्यतीची अशी तीन प्रकारे जोडता येई. तेथे निवड होती, पण निवडीचे पर्याय कारखान्याने ठरवलेले होते. डाय-कास्ट गाडीत असा एकही पर्याय दिलेला नसतो. ती उघडण्यासाठी केलेलीच नाही. ती उघडणे हाच रूपांतराचा पहिला निर्णय होय.

प्रक्रिया : विनाशापासून आरंभ

या कामाची समीक्षा करण्यासाठी त्याची रीत समजून घेणे आवश्यक आहे, कारण येथे तंत्र आणि अर्थ यांची फारकत करता येत नाही.

गाडीचे धातूचे कवच आणि तळाची पट्टी रिव्हेटने जोडलेली असतात. कवचाच्या आतून आलेल्या खुंटाचे टोक कारखान्यात दाबून पसरवलेले असते. ते टोक ड्रिलने कोरून काढल्याशिवाय गाडी उघडत नाही. ड्रिल सरकले तर तळपट्टी ओरखडते. अधिक खोल गेले तर खुंटच नष्ट होतो आणि पुन्हा जोडणी करायला आधार राहत नाही. कुशल कारागीर खुंटात बारीक आटे पाडून तेथे स्क्रू बसवण्याची सोय करतो. कारखान्याने कायमची बंद केलेली वस्तू यापुढे उघडता येण्याजोगी होते.

त्यानंतर रंग उतरवला जातो. त्यासाठी वापरली जाणारी काही द्रावके घातक असतात. मेथिलीन क्लोराइड असलेल्या रंगनाशकांची घरगुती ग्राहकांना होणारी विक्री अमेरिकेत २०१९ च्या नियमाने थांबवण्यात आली. बंद खोलीत अशी वाफ प्राणघातक ठरू शकते, हे त्यामागचे कारण होते. 'घरगुती' या शब्दाने सूचित होणारा निरुपद्रवीपणा म्हणूनच थोडा फसवा आहे.

रंग उतरल्यावर करडा, निस्तेज धातू उघडा पडतो. जस्तात सुमारे चार टक्के ॲल्युमिनियम आणि अल्प प्रमाणात मॅग्नेशियम मिसळून हा मिश्रधातू होतो. तो सुमारे ३८५ अंश सेल्सिअसला वितळतो, म्हणून साच्यात सहज भरता येतो आणि अगदी बारीक रेषाही उचलतो. त्याच गुणामुळे कारखान्याच्या खुणाही त्यावर उमटतात : साच्याचे दोन भाग जुळतात तेथील उंच कडा, धातूचा रस आत शिरला तेथील डाग. या खुणा घासून काढायच्या की ठेवायच्या, हा दुसरा निर्णय.

पुढे अस्तराचा रंग, मुख्य रंग, पाण्यात भिजवून सरकवायच्या चित्रपट्ट्या आणि शेवटी पारदर्शक थर असा क्रम असतो. १९६८ च्या हॉट व्हील्सचा 'स्पेक्ट्राफ्लेम' हा रंग वेगळ्या तत्त्वावर आधारलेला होता. त्यात झळाळी दिलेल्या उघड्या धातूवर पारदर्शक रंग चढवला जाई, त्यामुळे प्रकाश रंगातून आत जाऊन धातूवरून परते. रंग वस्तूवर बसल्यासारखा न वाटता वस्तूतून आल्यासारखा भासे. घरी हा परिणाम साधू पाहणाऱ्याला धातू तासन्तास घासावा लागतो, कारण पारदर्शक रंगाखाली एकही ओरखडा लपत नाही.

मूल्यमापनाचे निकष

रूपांतर हा शब्द मराठी साहित्यविचारात नवा नाही. परकीय नाटकांची मराठी रूपांतरे एकोणिसाव्या शतकापासून होत आली. गोविंद बल्लाळ देवल यांचे 'झुंजारराव' शेक्सपिअरच्या 'ऑथेल्लो'वर आणि 'संशयकल्लोळ' मोलिएरच्या प्रहसनाशी नाते सांगणाऱ्या कथानकावर उभे आहे. देवलांचे श्रेय ठरवताना कथानक कोणाचे हा प्रश्न निर्णायक ठरत नाही. मुळाचे मर्म ओळखून ते नव्या भूमीत किती नैसर्गिकपणे रुजवले, हे पाहिले जाते. नाटक आणि खेळणे यांची बरोबरी करण्याचा येथे हेतू नाही. परंतु दुसऱ्याच्या घडणीवर उभ्या राहिलेल्या निर्मितीची पारख कशी करावी, याची एक तयार दृष्टी या परंपरेत आहे आणि ती प्रस्तुत विषयाला लागू पडते. त्या आधारे तीन निकष मांडता येतात.

पहिला निकष मुळाच्या वाचनाचा. प्रत्येक गाडीच्या आकारात एक प्रधान रेषा असते. फोक्सवॅगन बीटलमध्ये छत आणि मागचा भाग मिळून एक सलग कमान होते. तिचे छत खाली आणण्यासाठी खिडक्यांचे खांब केवळ आडवे कापले तर वरचा आणि खालचा भाग जुळत नाहीत, कारण खांब तिरपे असतात. कमान तुटते आणि गाडी दबलेली दिसते. खांबांचा कल बदलून किंवा छताची लांबी वाढवून ती कमान पुन्हा सांधावी लागते. खऱ्या गाड्यांच्या इतिहासात याचा आदर्श उपलब्ध आहे. बॅरिस बंधूंच्या कार्यशाळेत घडलेल्या, 'हिरोहाता मर्क्युरी' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या १९५१ च्या गाडीत छत खाली घेताना दारांमधला खांबच काढून टाकला होता आणि खिडकीची कड एका वक्र रेषेत वाहती केली होती. तेथे कापणे हे वाचनातून आलेले आहे. याउलट कोणत्याही गाडीवर तेच ज्वाळांचे चित्र आणि तीच मोठी चाके चढवणाऱ्याने मूळ वाचलेलेच नसते. गाडी त्याला केवळ रिकामा पृष्ठभाग वाटते.

दुसरा निकष प्रमाणाच्या भानाचा. या गाड्या साधारण एकास चौसष्ट या प्रमाणाच्या मानल्या जातात, पण हे प्रमाण काटेकोर नसते. वेष्टनाच्या मापात बसवण्यासाठी मोठे वाहन अधिक लहान केले जाते आणि छोटी मोटार कमी लहान केली जाते. त्यामुळे एकीची चाके दुसरीला लावताना मापाचा विचार नव्याने करावा लागतो. शिवाय प्रमाण केवळ आकाराला लागू होत नाही. एकास चौसष्ट या हिशेबाने रंगाचा ०.१ मिलिमीटर जाडीचा थर खऱ्या गाडीवर ६.४ मिलिमीटरचा होईल. दारांच्या फटी त्यात बुजून जातात आणि गाडी साखरेच्या पाकात बुडवल्यासारखी दिसते. चमकीच्या रंगातील ०.०५ मिलिमीटरचा कण खऱ्या मापात ३.२ मिलिमीटरचा ठरतो. पदार्थ स्वतः लहान होत नाही, ही लघुरूपाच्या कलेची मूलभूत अडचण आहे. रंगाचा कण, रबराची लवचीकता, प्रकाशाची चमक या गोष्टी आपले मूळ माप सोडत नाहीत. चांगला कारागीर या अडचणीशी तडजोड करतो : थर पातळ ठेवतो, फटींत गडद रंगाचा बारीक ओघळ सोडून सावली निर्माण करतो, झळाळी थोडी मंद करतो. येथे तो वस्तूची नक्कल न करता ती वस्तू दुरून दिसल्याचा आभास घडवत असतो.

तिसरा निकष सलगतेचा. बा. सी. मर्ढेकरांनी 'सौंदर्य आणि साहित्य' या १९५५ च्या ग्रंथात संवाद, विरोध आणि समतोल या लयतत्त्वांच्या आधारे कलाकृतीच्या घटकांची संगती स्पष्ट केली. रंग, चाके, उंची आणि काचेची छटा हे रूपांतराचे घटक याच पद्धतीने तपासता येतात. मळकट, जुनाट रंगाच्या मालवाहू गाडीला चकचकीत शर्यतीची चाके लावली तर तो विरोध असतो. तो अर्थपूर्ण आहे की अपघाती, हे उरलेल्या घटकांवरून ठरते. गाडी खाली बसवलेली असेल, आतील आसन नवे असेल, तर 'जुने कवच, नवे इंजिन' अशी एक कल्पना उभी राहते आणि विरोध समतोलात विसावतो. अन्यथा ते दोन गाड्यांचे अवशेष एकत्र आल्यासारखे वाटते. मूळ गाडी ठाऊक असलेल्याला त्यात नवे काही दिसावे आणि ठाऊक नसलेल्याला ती जणू अशीच जन्मली असावी असे वाटावे, अशी यशस्वी रूपांतराची दुहेरी कसोटी सांगता येईल.

दोन प्रकारचे वार्धक्य

या कामातील सर्वांत गंभीर प्रश्न गंजाच्या चित्रणातून पुढे येतो. गाडी जुनी, पावसात पडलेली, गंजलेली दाखवणे हा हौशी कारागिरांचा आवडता प्रकार आहे. स्पंजाने टिपलेला तपकिरी रंग, रंगीत भुकटी, खरवडलेले कोपरे यांतून हा परिणाम साधतात आणि तो पुष्कळदा विस्मयकारक असतो.

परंतु जस्ताला लोखंडासारखा तांबूस गंज चढत नाही. खेळण्यावर दिसणारा गंज हे सर्वस्वी कल्पित चित्र आहे. ते खेळण्याचे वय न सांगता ज्या गाडीची ती प्रतिमा आहे त्या गाडीचे वय सांगते. खेळण्याचे स्वतःचे वार्धक्य वेगळे दिसते. जिन्यावरून सोडल्याने उडालेले टवके, छताच्या कडेला उघडा पडलेला करडा धातू, वाकलेला आस, फुटलेली काच या त्याच्या खुणा आहेत. त्या कोणा एका मुलाच्या खेळाने केलेल्या असतात. दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या डिंकी गाड्यांत वार्धक्याचा आणखी एक प्रकार दिसतो. मिश्रधातूत शिसे वा तत्सम अशुद्धी मिसळल्याने त्या आतूनच फुगतात, तडकतात आणि कालांतराने त्यांचा चुरा होतो. ते धातूचे खरे मरण आहे.

जुनी, खेळून झिजलेली गाडी द्रावकात टाकणारा कारागीर खरे वार्धक्य पुसतो आणि त्याच जागी कल्पित वार्धक्य रंगवतो. एका अनाम बालपणाचा दस्तऐवज नष्ट होऊन त्याच्या जागी एका कधीच अस्तित्वात नसलेल्या गाडीचे चरित्र येते. या व्यवहारात काही मिळते आणि काही कायमचे जाते. दुकानातून नवी आणलेली गाडी वापरली तर हा प्रश्न उद्भवत नाही. पण जुन्या बाजारात मिळालेल्या, टवके उडालेल्या गाडीच्या बाबतीत तो टाळता येत नाही. खराब झालेली गाडी 'वाचवली', असे अशा वेळी सहज म्हटले जाते. तिला कशापासून वाचवले, हे विचारले की उत्तर 'तिच्या खेळापासून' असेच निघते.

दुसरा आक्षेप याला जोडूनच येतो. रूपांतरित गाडी सहसा काचेच्या कपाटात जाते. पुन्हा जमिनीवर धावत नाही. हॉट व्हील्सची मूळ कल्पना वेगावर आधारलेली होती. बारीक तारेचे आस आणि कमी घर्षणाची चाके हे तिचे वैशिष्ट्य होते. शोभेसाठी लावलेली रबरी चाके अनेकदा नीट फिरतही नाहीत. खेळणे पाहण्याची वस्तू होते. बार्तच्या आक्षेपाला निर्मितीने उत्तर देणारा हा कारागीर त्याच वेळी मुलाला त्या वस्तूपासून दूर ठेवत असतो, हा विरोधाभास मान्य केला पाहिजे.

यावर उपाय म्हणून बंदी वा नियम सुचवणे निरर्थक ठरेल. परंतु समीक्षेला या हानीची नोंद गुणांच्या जमाखर्चात करता येते. काही कारागीर मुलाच्या हातून उडालेले टवके तसेच ठेवतात आणि त्यांच्याभोवती कल्पित गंज असा रंगवतात की खरा करडा धातू आणि रंगवलेले लोखंड शेजारी शेजारी दिसावेत. काही जण केवळ आस सरळ करतात आणि गाडी पुन्हा धावती करतात. ही कामे प्रथमदर्शनी कमी चमकदार वाटतात, पण वस्तूच्या दोन्ही आयुष्यांविषयीचा विचार त्यांत अधिक असतो.

कारखान्याचे प्रत्युत्तर

हौशी कारागिराने केलेला प्रत्येक बदल कारखाना कालांतराने आत्मसात करतो. हॉट व्हील्सने १९७४ पासून रबरी गादीच्या ठशाने गाड्यांवर तपशीलवार चित्रे छापण्यास आरंभ केला. १९८३ मध्ये त्याच मालिकेत रबरी टायर असलेल्या गाड्या आल्या. १९९७ मध्ये मॅटेलने टायको कंपनी घेतली आणि तिच्यासोबत मॅचबॉक्सही त्याच छत्राखाली आली. नोंद ठेवणारे खेळणे आणि स्वप्न दाखवणारे खेळणे यांचा मालक एक झाला. २०१८ मध्ये मॅटेलने खऱ्या, हाताने घडवलेल्या कस्टम गाड्यांची स्पर्धा सुरू केली. त्या वर्षीची विजेती 'टू-जेट-झी' पुढे छोट्या गाडीच्या रूपात आली. १९६८ चे चक्र अशा रीतीने पुन्हा फिरले : एकाने एकासाठी घडवलेली गाडी साच्यात गेली आणि आवृत्ती होऊन दुकानात आली.

यावरून घरगुती रूपांतर निष्फळ आहे, असा निष्कर्ष काढणे चुकीचे होईल. कारखाना परिणाम उचलू शकतो, निर्णय उचलू शकत नाही. छापलेला गंज सर्व गाड्यांवर एकाच जागी असतो. तो कोणत्या पावसाने चढला, पाणी कोठे साचले, दार कोणत्या बाजूने अधिक उघडले जात असे, हे त्याने कोणी ठरवलेले नसते. घरी रंगवलेल्या गंजात हे प्रश्न कोणीतरी स्वतःला विचारलेले असतात, किंवा विचारले नसतील तर ते लगेच कळते. समीक्षेची गरज नेमकी येथेच निर्माण होते. आवृत्तीने मुळाचे सारे बाह्य गुण उचलल्यावर भेद दाखवण्याचे काम केवळ बारीक नजरेलाच करता येते.

भारतीय संदर्भ

साच्यांच्या प्रवासात भारताचाही वाटा आहे. १९६० च्या दशकाच्या अखेरीस ब्रिटिश डिंकी गाड्यांचे काही जुने साचे कोलकात्यात आले आणि त्यांतून 'निकी टॉइज' या नावाने गाड्या निघाल्या. साचा तोच राहिला, पण धातू, रंग, कामगार आणि घेणारी मुले बदलली. ते घरगुती रूपांतर नव्हते. तरीही एकच साचा वेगळ्या भूमीत वेगळी वस्तू घडवतो, हे त्यातून दिसते.

महाराष्ट्राच्या संदर्भात या कामाला एक विशिष्ट प्रयोजन संभवते. कारखाने जगभर खपतील अशाच गाड्यांचे साचे करतात. त्यामुळे एखाद्या शहराच्या स्मृतीतली गाडी बहुधा त्यांतून सुटते. मुंबईच्या कुर्ला येथील कारखान्यात, फियाट ११०० या इटालियन गाडीच्या आधारे घडलेली प्रीमियर पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यांवरून नियमानुसार निवृत्त झाली. तिचे लघुरूप घरी करू पाहणाऱ्याला काळे अंग आणि पिवळे छत रंगवून थांबता येत नाही. टपावरचे कॅरिअर, जुन्या गाडीबाहेर बसवलेले यांत्रिक मीटर, काचेवरची झालर या गोष्टींनी ती टॅक्सी होते. वीस सेंटिमीटरची वस्तू या प्रमाणात जेमतेम तीन मिलिमीटरची भरते, म्हणजे कोणता तपशील ठेवायचा आणि कोणता सोडायचा याची निवड आपोआप करावी लागते. या निवडीतूनच त्या कारागिराचे शहराविषयीचे वाचन प्रकट होते. पद्मिनी स्वतः एका इटालियन गाडीचे भारतीय रूपांतर होती. तिचे लघुरूप परक्या साच्यातील गाडी कापून केले गेले, तर ते रूपांतराचे रूपांतर ठरेल.

समारोप

घरगुती रूपांतराचा आरंभ दुसऱ्याच्या घडणीपासून होतो आणि त्याची पहिली कृती विनाशाची असते. या दोन्ही गोष्टी त्याच्या अप्रतिष्ठेचे कारण मानल्या गेल्या आहेत. प्रत्यक्षात त्याच्या मूल्यमापनाची किल्ली त्यांतच आहे. मुळाचे वाचन, प्रमाणाचे भान आणि बदलांची सलगता या निकषांवर अशा कामात निश्चित भेद करता येतात. त्याबरोबरच रूपांतराने काय पुसले, याचीही नोंद घ्यावी लागते, कारण टवका उडालेल्या खेळण्यावर आधीच एका लहानग्याने आपले काम करून ठेवलेले असते. बार्तने ज्या मुलाला केवळ वापरणारा म्हटले, त्याच्या वापराचीच ती खूण आहे. तिच्याकडे दुर्लक्ष करून केलेले रूपांतर कितीही सफाईदार असले तरी अपुरे राहते. त्या खुणेला जागा देणारे रूपांतर मात्र साचा, मूल आणि कारागीर या तिघांचे कर्तृत्व एकाच सात सेंटिमीटरच्या वस्तूत वाचता येईल असे राखते. छंद म्हणून कौतुक करून बाजूला ठेवलेल्या या कामाकडे समीक्षेने वळावे, यासाठी एवढे कारण पुरेसे आहे.